लिव्ह की स्टे?

“आय स्टे विथ माय फादर-इन-लॉ,” सूनबाई म्हणाली आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला.

“अगं, स्टे नाही, लिव्ह. किती वेळा घोकून घेतलं तुझ्याकडून?”

“पण बाबा, दोन्हीला आपण राहणंच म्हणतो ना?”

“आपण म्हणतो. ते म्हणत नाहीत. बॅग घेऊन लॉजवर उतरलीस की स्टे. जिथं तुझा दात घासायचा ब्रश कायमचा असतो, तिथं लिव्ह.”

“तुमचा ब्रश तर तुम्हाला रोज सापडत नाही.”

मास्तरांनाही हसू आलं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण इतकी मठ्ठ आणि इतकी गोड विद्यार्थिनी त्यांना मिळाली नव्हती. तिचीच त्यांना धास्ती होती. मुलगा बायकोला आणि वडिलांना घेऊन कायमचा परदेशी निघाला होता. वडील कायम त्याच्याच कुटुंबात राहणारे असले तरच त्यांना व्हिसा मिळणार होता. इकडे मास्तरांनी आपलं घर विकून टाकलं होतं, आता किल्ल्या द्यायच्या तेवढ्या बाकी होत्या. हिच्या तोंडून एक शब्द चुकीचा गेला की आपण रस्त्यावर, या विचाराने त्यांना घास गिळवत नव्हता.

मुलाची काळजी नव्हती. त्याचं इंग्रजी त्यांनी लहानपणीच पक्कं करून घेतलं होतं.

“बाबा, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नका,” तो म्हणायचा. “मी आहे ना.”

मुलाखतीच्या दिवशी वकिलातीत मुलाने त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. “तुम्हाला शेवटी बोलावतील. इथंच आरामात बसा.”

मास्तरांना कुठला धीर धरवतोय. ती दोघं खिडकीशी गेल्यावर ते हळूच उठले आणि मागच्या खांबाआड जाऊन उभे राहिले.

काचेपलीकडच्या बाईंनी सूनबाईला सासऱ्यांबद्दल विचारलं.

“माय फादर-इन-लॉ स्टे विथ अस,” ती पटकन बोलून गेली.

इतकं शिकवून ऐन वेळी पोरीने केसाने गळा कापला. मास्तरांना तिचा मनापासून राग आला.

बाईंचं पेन थांबलं. “स्टे, ऑर लिव्ह?”

सूनबाईने जीभ चावली. मग एकेक शब्द तोलून म्हणाली, “लिव्ह. ऑलवेज लिव्ह.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर तिच्या पाठीवर थाप द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

“माफ करा, बाई,” मुलगा म्हणाला. इंग्रजी अगदी स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. “या दोन शब्दांत माझ्या बायकोचा नेहमी घोळ होतो. वडील आमच्याकडे पाहुणे आहेत. तुम्ही स्टेच लिहा.”