खुर्चीचे चार स्विच

वेदश्रीनं चाकांच्या खुर्चीखालचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारली आणि म्हणाली, "अक्का, हे जळालेलं नाही. कुणीतरी काढून टाकलंय."

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या एवढ्याशा रिपेअरीच्या दुकानात संजीवनं आईला उचलून बाकावर बसवलं होतं. रुक्मिणीबाईंची बॅटरीवरची खुर्ची वीस दिवस फक्त पुढं जात होती. दाजीबानपेठेतल्या घरच्या न्हाणीघरात ती सरळ आत शिरायची, पण वळायला जागा नाही. बाहेर यायचं तर कुणाला तरी हाका मारायच्या. तीस वर्षं कापडाची पेढी चालवलेल्या बाईला या हाकांची भयंकर चीड आली होती.

"काढून म्हणजे?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

वेदश्रीनं कागदावर मोटार काढली. दोन्ही बाजूंना वर एक, खाली एक, असे चार स्विच. "हा फुल ब्रिज. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा लागला की खुर्ची पुढं. उलट जोडी लागली की मागं. तुमच्या दोन्ही मोटारींचे उजवीकडचे दोन्ही स्विच काढून वायर सरळ बॅटरीला टाचलीय. उरला हाफ ब्रिज. तो एकाच दिशेनं नेतो."

"आणि एका बाजूचे वरचा-खालचा एकदम लागले तर?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

वेदश्रीनं चमकून बघितलं. "बॅटरी शॉर्ट. सगळं जळेल. म्हणून ड्रायव्हर नावाची चिप एक बंद करते, जरा थांबते, मगच दुसरा लावते."

"आमच्या बोळातल्यासारखं की. एक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्यानं शिरायचं नाही." मग रुक्मिणीबाई मुलाकडं वळल्या. "संजीव, खुर्ची बघायला तू आणलेला मेकॅनिक काय म्हणाला होता?"

"जळालंय म्हणाला." संजीव मोबाइलमधून डोकं वर काढेना.

"माझ्याकडं बघून सांग."

"मीच काढायला लावलं," तो शेवटी म्हणाला. "मागं येताना भिंतीला धडकून कलंडलीस. डोकं फुटलं असतं म्हणजे? हाक मारली की आम्ही येतोय की. साकु आई, तेवढं पुरे; पुढं तर जातेय ना."

रुक्मिणीबाईंचा संताप उसळला.

"वीस दिवस ओल्या लुगड्यात बसून मी हाका मारतेय, आणि तुला माहीत होतं. पडले तर पडेन! वेदश्री, चारही घाल."

"अगं पण आई..."

"तुला विचारलं नाही."

तासाभरात नवे स्विच बसले. बॅटरी थेट जोडण्याआधी वेदश्रीनं तारेच्या मध्ये लॉरीचा दिवा लावला; कुठलीही दुरुस्ती असो, ती आधी हेच करायची. "कुठं शॉर्ट असेल तर हा भक्कन पेटेल, खुर्ची वाचेल." दिवा पेटला नाही. तिनं तो काढला, बॅटरी जोडली आणि दारात उताराला फळी टाकली.

संजीवनं आईला खुर्चीत बसवलं आणि मागची मूठ घट्ट धरली. त्याच्या पाठीशी दार होतं. "मी ओढतो."

"हात काढ."

त्यानं काढला नाही. रुक्मिणीबाईंनी हाताशी असलेली खुर्ची चालवायची दांडी आपल्याकडं ओढली. मोटारी घुमल्या आणि खुर्ची मागं निघाली. संजीव मूठ धरूनच एकेक पाऊल मागं सरत दारापर्यंत गेला.

फळीपाशी त्या थांबल्या. मान न वळवता त्यांनी वेदश्रीला विचारलं, "चाकं सरळ आहेत?"

"सरळ आहेत, अक्का."

"मग सोड म्हणावं त्याला."