आर्बरचा खांदा

चकती डोलत होती. वाल्मीकरावांनी लेथ थांबवला, क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा सुरू केला. कागदासारखी पातळ ती गोल करवत फिरताना जागच्या जागी स्थिर दिसावी. ती झोपाळ्यासारखी डावीउजवीकडे झुलत होती.

स्क्रूच्या इवल्या माथ्यावर खाच पाडायची म्हणून खणातल्या चकत्यांतून त्यांनी हीच निवडली होती, बारीक दातांची. तिला धरणारा दांडा, आर्बर, मात्र त्यांनी स्वतः कातला होता. पक्षाघातानंतर उजव्या हाताने केलेले ते पहिले काम. चकती ज्यावर टेकते तो दांड्याचा खांदा निर्दोष सपाट हवा. तेवढे साधले तर हात परत आला. न साधले तर लेथ विकून टाकायचा, असा शब्द त्यांनी मुलाला, अमोलला, दिला होता.

खांदा कातून झाला, आर्बर लेथवरच राहिला आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजाराला कामाला जुंपत नाहीत. लेथची यथासांग पूजा झाली, झेंडू वाहिले गेले. दसराही सरला. आज चकती चढवली, तर हे असे.

त्यांच्या पत्नी सिंधुबाई शिवणयंत्रावरून उठून पडवीत आल्या. स्क्रू त्यांच्याच यंत्राचा. झाला का, असे त्यांनी विचारले.

"आउट चालतंय," वाल्मीकराव म्हणाले. "चकतीचा दोष नाही, माझ्या हाताचा आहे. अमोलला फोन लाव. म्हणावं, गिऱ्हाईक बघ."

सिंधुबाई जागच्या हलल्या नाहीत. "माझं मशीन अडलं की तुम्ही आधी ते खोलता, मग मला बोलता. आज उलटं का?"

वाल्मीकरावांनी नट सैल केला. चकती उतरली. खांद्याच्या एका कडेला कुंकवाचे बोट उमटून वाळले होते. चकतीच्या दाबाने त्याला भेग गेली होती.

चकती चढवण्याआधी खांदा पुसावा, हा धडा सातपूरच्या कारखान्यात त्यांनीच कित्येकांना दिला होता. परंतु पूजा झालेल्या अवजारावरून फडके कसे फिरवावे? कुंकू कुठे कुठे लागले आहे, हे त्यांनी पाहिलेही नव्हते.

"एवढ्या मोठ्या मशीनवर तुला हीच जागा सापडली?"

सिंधुबाईंनी मान खाली घातली. "सगळ्यात चकचकीत तीच होती," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या हातची."

उजव्या हाताच्या अंगठ्याने वाल्मीकरावांनी ते कुंकू खरवडून काढले आणि आपल्या कपाळी लावले. उरलेला डाग फडक्याने पुसला. चकती चढवली, नट आवळला, लेथ सुरू केला.

चकती फिरते आहे, हे केवळ आवाजावरून कळत होते.