चंदनला घर सापडेना

“तुझो ह्यो चंदन आंधळो आसा काय गो?” महादू तांडेलाने तिला मध्येच अडवलं.

रसिका वाचता वाचता थांबली. चंदन हा तिच्या साहसकथांचा नायक. सहा पुस्तकं झाली, पोरांच्या उड्या पडतात त्यांवर. पण पठ्ठ्याला दिशांचं भान म्हणून नाही! दर पुस्तकात समुद्रात भरकटायचा, आणि ऐन वेळी कुठून तरी डॉल्फिन नाहीतर दीपस्तंभ धावून यायचा. शेवटी प्रकाशकाने हात जोडले होते. या खेपेला त्याला स्वतःच्या अकलेने घरी येऊ दे, बाई.

म्हणून ती पुण्याहून इथे आली होती, मालवणजवळच्या या वाडीत. निदान महादूला तिने तसं सांगितलं होतं. खरं तर हे तिचं जन्मगाव, आणि अठ्ठावीस वर्षांत तिने इथे पाऊल ठेवलं नव्हतं.

तिचा बाप, बाळा तांडेल, सकाळच्या वेळी होडी घेऊन परत येताना घरासमोरच्या खडपावर, पाण्यातल्या खडकांवर, आपटून बुडाला होता. दारू पिऊन. होडीत महादू होता, तो पोहून वाचला, आणि त्यानेच हे गावभर सांगितलं होतं. रसिका तेव्हा सहा वर्षांची. शाळेतली पोरं तिच्यापुढे झिंगत चालून दाखवायची. आई, यशोदा, तिला घेऊन सावंतवाडीला मामाकडे गेली ती गेलीच. पुढे रसिकाने बापाचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही, लग्नाच्या पत्रिकेत नावसुद्धा छापू दिलं नाही. आई एका शब्दाने बोलली नाही.

ती आई चैत्रात गेली. पेटीत साड्यांच्या तळाशी बापाचा फोटो निघाला, हात लावून लावून कडा पार झिजलेला. दारुड्यावर कुणी एवढा जीव टाकतं? आता आईच्या फोटोशेजारी हा लावायचा की नाही, हे रसिकाला ठरवायचं होतं. चंदन नुसता निमित्ताला.

महादूने तिला ओळखल्यावर पहिलं हेच विचारलं होतं, “आवस बरी आसा?” आई गेली म्हटल्यावर म्हाताऱ्याने दर्याकडे वळून हात जोडले. मग म्हणाला, “वाच मगे.”

आता मात्र तो रंगात आला होता.

“सकाळी घराक येताना सूर्य खंय आसतलो?”

“समोर.”

“डोळ्यार! किनारो निसतो काळो दिसता. मगे खडपातली वाट कशी गावतली? एक खूण लांबची धरूची, डोंगराची. एक जवळची. दोनय एका रेषेत इली की होडी सरळ आत घालूची. इतक्याशा चुकला तर खेळ खल्लास.”

रसिकाने भराभरा लिहून घेतलं. “जवळची खूण माडाची ठेवू?”

“झाडाचो भरवसो नको!” तो एकदम खेकसला. “देवळाचो कळस घाल.”

तिने वही मिटली. एवढं सगळं डोक्यात ठेवणारा माणूस स्वतःच्या दारात चुकतो म्हणजे किती प्यायला असेल?

“महादूकाका, बाबांची खूण कुठली होती?”

“होडी हाकणारो तांडेल आपली खूण कोणाक सांगणा नाय. लग्नाच्या बायलेकय नाय.”

“बाबा गेले. आई गेली. आता कुणापासून लपवताय?”

महादूने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. “माड,” तो म्हणाला. “तुमच्या आंगणातलो.”

“मग?”

“त्या सकाळी माड नव्हतो गो. चार दिवस आमी दर्यात, आणि तेवढ्यात तो तोडलेलो. डोंगर दिसता, माड दिसणा नाय. बाळा म्हणता, महादू, माड खंय गेलो रे? मगे दुसऱ्याच कोणाच्या माडाक आपलो समजलो.”

“आणि दारू?”

“थेंब नाय. जन्मात शिवलो नाय तो दारूक.”

रसिका ताडकन उठली. अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं तिने त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या.

“माड कोणी तोडला?”

महादूने टॉवेल झटकून परत खांद्यावर टाकला.

“काका, कोणी?”

“यशोदान. तिका काय ठावक, तीच खूण म्हणान?”

“आणि आपली चूक झाकायला माझ्या बापाशीक दारुडो केल्यान तिना?” कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून मालवणी निघाली. “तुम्ही साथ दिलीत तिला! मी तिची सेवा केली, काका. शेवटपर्यंत केली. असली कसली बाई ती!”

“तोंड सांभाळ!” म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “मी तिका वचन दिलेलंय. पण तिका बोल लावलेलो माझ्यान ऐकवणा नाय. आमी दर्यात गेलो त्याच दिवशी माडावरसून नारळ पडलो, तुझ्या बाजूक. वीतभर हुकलो. मगे तू आंगणात उतरा नाय, जेवा नाय. माड तोड, माड तोड म्हणान रडा होतंस. तिसऱ्या दिसाक तिना गडी बोलवून तोडून घेतल्यान. बाळा बुडलो त्या सांजे मी तिका सगळा सांगलंय. ती रडाक सुदिक नाय. माझे हात धरल्यान नि म्हणाली, ‘महादू, गावाक सांग, तो दारू पियालेलो. माझा चेडू, रसिका, सा वर्षांचा आसा. माड कोणासाठी तोडलो, ह्या तेका जन्मात कळता नये.’”