बंद दाराआडचा खेळ

आईच्या दुसऱ्या नवऱ्याला ताईने ‘घुम्या’ नाव ठेवलं होतं, कारण तो मानेनेच हो-नाही करायचा. असल्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय, कोणी सांगावं? धाकटा भाऊ ‘र’चा ‘ल’ करायचा, म्हणून सरावाला ती त्याच्याशी चित्रांचे पत्ते खेळायची. हल्ली मात्र घुम्याच दार लावून खेळत होता. आज तिने दाराला कान लावलाच. आतून घुम्याचा आवाज आला, “लबल!” पाठोपाठ खिदळणं. चेष्टा करतोय पोराची! तिचं डोकं सणकलं. दार ढकलून ती कडाडली, “लाज नाही वाटत?” घुम्याच्या डोक्यावर हरणाऱ्याने घालायचं पातेलं होतं आणि चेहरा लालबुंद. “ताई, ओलडू नको ना!” धाकटा म्हणाला. “त्यांनापण नाही येत. म्हणून ते बोलतच नाहीत.” ताई शेजारी बसली. “बाबा, आधी पातेलं उतरवा,” ती म्हणाली. “आता सावकाश म्हणा, रबर.”