साहेबांची मांडी

"कुणाला खरं वाटणार नाही वहिनी, पण मी या डोळ्यांनी पाहिलंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

पोलीस वसाहतीच्या वाचनालयात, ड्युटीवर जीव गेलेल्यांच्या बायका दर पंधरवड्याला दुपारी जमत. नवीच्या शेजारी जुनीनं बसायचं, जेवलीस का विचारायचं, रडू द्यायचं. आणि एक नियम: त्याचं शेवटचं बोलणं जिचं तिनं आपल्याजवळ ठेवायचं, कुणी विचारायचं नाही. नियम ताईंचा. त्यांचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आजच्या नवीला एकवीस दिवस. ती भेटेल त्याला एकच विचारायची, "जाताना काही बोलले का हो?" म्हणून साहेब जातीनं आले होते. सोबत फोटोवाला.

"दरोडेखोर सात!" साहेब रंगात आले. पेपरात दोन होते. चहाच्या घोटागणिक वाढले असावेत. "पोटात तीन गोळ्या, तरी गडी उभा. मी धावलो, डोकं मांडीवर घेतलं..."

बिस्कीट तुटून कपात पडलं. साहेबांनी बोट घालून लगदा काढला, बोट चोखलं.

"पाण्याची बाटली तोंडाला लावली. तर काय म्हणाला? 'साहेब, आधी तुम्ही प्या.' आणि मान टाकली."

नवीनं डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. ती वाक्य पाठ करत होती.

हेच वाक्य, शब्दाला शब्द, ताईंच्या घरी अकरा वर्षं होतं. तापानं फणफणलेल्या लेकीच्या कानात त्यांनी ते सांगितलं होतं. लेकीनं ते शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. आता गप्प बसलं, तर निदान लेकीपाशी तरी ते तसंच राहिलं असतं.

त्यांनी समोर पाहिलं. दारापाशी बसलेल्या हवालदारणीचा कप ओठांपाशीच थांबला होता. तिच्या शेजारणीचाही. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"साहेब, वहिनींच्या डोक्यावर जरा हात ठेवा," फोटोवाला म्हणाला. "आणि चेहरा थोडा दुःखी."

साहेबांनी ओलं बोट पँटला पुसलं आणि हात पुढे केला. ताईंनी तो मधेच धरला.

"साहेब, आमच्या ह्यांचं डोकंसुद्धा तुमच्याच मांडीवर होतं. आणि तेही हेच म्हणाले होते."

"माझेही," हवालदारीण म्हणाली.

शेजारणीनं नुसतीच मान हलवली.

नवीचे ओठ थांबले. साहेब हात सोडवू बघत होते. ताईंनी तो सोडला नाही.

"मग एवढं तरी खरं सांगा. आमच्या माणसांपैकी एकाला तरी पाणी पाजलंत का हो?"