बाटल्या धुण्याची खोली

विद्यापीठाच्या नव्या प्रयोगशाळेचा आराखडा वास्तुविशारद म्हणून तिने मांडला तेव्हा विभागप्रमुखांचे बोट एकाच कोपऱ्यावर अडले. "सर्वांत उजेडाची जागा बाटल्या धुण्याच्या खोलीला? बाटल्यांना काय अभ्यासाला बसायचंय?" बैठक हसली. तिने नमते घेतले नाही. "बाटल्या आपोआप धुतल्या जात नाहीत, सर." जुन्या प्रयोगशाळेच्या तळघरात, भिंतीकडे तोंड करून, तिच्या आईने तीस वर्षे परीक्षानळ्या विसळल्या होत्या; बाहेरची दुपार तिला घड्याळाच्या काट्यांवरूनच ठाऊक होती. नवी इमारत उभी राहिल्यावर ती निवृत्त आईला त्या खोलीत घेऊन गेली. बेसिनवरच्या रुंद खिडकीतून शाळेपासून घराकडे वळणारा रस्ता दिसत होता. "गळ्यात किल्ली अडकवून याच रस्त्याने यायचीस ना गं?" आईने विचारले. "कितीला सुटायची शाळा?" "साडेचारला." आईने कोरडेच हात पुसले आणि ती खिडकीशी उभी राहिली. साडेचारला अजून दहा मिनिटे होती.