बारा खड्ड्यांच्या नोंदी

कचेरीच्या संगणकात बारा खड्ड्यांच्या नोंदी सापडल्या, तर मृद सर्वेक्षक देशमाने उद्या सन्मानाने निवृत्त होणार होते; नाहीतर न खणताच भत्ता उचलल्याचा ठपका घेऊन.

"साठ ठिकाणं म्हणता, माझा कोड अठ्ठेचाळीसच दाखवतोय," साहेब गोड हसले. "बाकीचे खड्डे काय उंदरांनी बुजवले?"

संगणकासमोर बसलेल्या शलाकाने कोड वाचला. "सर, तुम्ही मातीचे थर नोंदलेलीच ठिकाणं मागवलीत." तिने ती अट काढली.

पडद्यावर साठ ओळी आल्या. नव्या बारांसमोर एकच शेरा होता: "माती नाही, थेट कातळ." शेवटच्या ओळीत पुढेही लिहिलं होतं: "तरी खणून पाहिलं. दोन पहारी वाकल्या."

देशमान्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पहारी माझ्या घरच्या होत्या, साहेब," ते हसत म्हणाले.